डब्यातली माती

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत. माणूस चांगला, मनात कपट नाही. पण त्यांना गप्प बसलेला माणूस बघवत नाही. माझ्या बायकोला, करुणाला, माती दिल्यावर काही आठवडे त्यांनी मला सोडलं, आणि मग एका रविवारी उपासना सुटल्यावर माझा हात धरून म्हणाले, "शामूकाका, आता तुम्ही साक्ष द्या. कठीण काळात देव किती विश्वासू राहिला, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय मंडळीला." मी म्हणालो, "मला काही वाटत नाही, साहेब. देवाबद्दल नाही आणि कशाबद्दलच नाही. दाताचा डॉक्टर सुई टोचून गाल बधिर करतो ना, तसं आतून झालंय. साक्ष कसली देऊ?" त्यांना वाटलं मी नम्रपणानं बोलतोय. म्हणाले, प्रार्थना करा, शब्द मिळतील. शब्द काही मिळाले नाहीत. पुढं उभं राहून बोलणं मला आयुष्यात जमलेलं नाही, म्हणून हे लिहून काढतोय. नववी नापास माणूस आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर चालवून घ्या.

हे करुणाबद्दल नाही. करुणाबद्दल मला अजून लिहिता येत नाही. हे माझ्या आईबद्दल आहे आणि आमच्या अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल. करुणा त्यात येते, पण उशिरा येते, आणि स्टेशन वॅगन चालवत येते.

माझी ताई नर्स होती. ती लग्न करून शिकागोला आधीच आली होती, आणि मग तिनं आई, बाबा आणि मला बोलावून घेतलं. माझ्या ओठावर तेव्हा नुकती लव आली होती. बाबा गावी, राहुरीच्या बाजूला, चर्चची घंटा वाजवायचे आणि आवार झाडायचे. बाकी त्यांना दुसरं काम कधी आलं नाही. त्यांना यायचं नव्हतं. आई म्हणाली, "पोरगी एकटी आहे तिथं," आणि विषय संपला. आमच्या घरात विषय आईच संपवायची. इथं पहिल्या रविवारी आम्ही एका अमेरिकन चर्चच्या तळघरात जमलो. त्यांची उपासना सकाळी, आमची मराठी उपासना दुपारी, त्यांच्या कॉफीचा वास अजून फिरत असायचा. नगरची, जालन्याची, सोलापूरची, मुंबईची अशी दहाबारा घरं. बाबा आत शिरल्या शिरल्या वर छताकडं बघायला लागले. दोर शोधत होते. मंडळीतले साळवे काका म्हणाले, "इथं घंटा बटणावर वाजते, भाऊ." बाबांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, आणि मला आठवतं ते त्या वर्षभर त्यांनी खिशातच ठेवले.

आम्ही एका विटांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीण, वांडा नावाची पोलिश म्हातारी. आई तिला वांडाबाई म्हणायची. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर होते. त्यात वाफ भरायला लागली की आत कुणी हातोडी मारत बसलंय असा आवाज यायचा. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा बाबा दार उघडायला गेले. बाहेर कुणी नव्हतं. आई आतून म्हणाली, "कुणी नाही आलेलं. घर खोकतंय." मग आमच्या घरात ते रूढच झालं. रेडिएटर वाजला की कुणीतरी म्हणायचं, घर खोकतंय. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही. आईनं मक्याच्या पिठाची भाकरी थापून बघितली, तिचे तव्यावर तुकडे झाले. तुकडेच आम्ही दुधात कुस्करून खाल्ले. ताईनं एकदा बाबांना पावावर पीनट बटर लावून दिलं. बाबांनी एक घास खाल्ला, पाव ताटात ठेवला आणि विचारलं, "दाण्याच्या कुटात साखर कुणाच्या हातून सांडली?" आई इतकी हसली की तिला खोकला लागला. त्या खोकल्याकडं ताईनं ज्या नजरेनं बघितलं ते मला तेव्हा कळलं नाही. नर्सला कळतं.

जेवण झाल्यावर आम्ही सगळे कार्पेटवर बसायचो आणि घरची प्रार्थना व्हायची. प्रार्थना आई करायची. मोठे शब्द तिला येत नव्हते. ती दिवसभराचं सांगायची. देवबापा, आज बसमध्ये बसायला जागा मिळाली, धन्यवाद. शामू कामावरून वेळेवर आला, धन्यवाद. वांडाबाईनं बीटाचं कालवण दिलं, गोड होतं पण दिलं, धन्यवाद. माझे भाऊजी मुंबईचे, ऑफिसात काम करणारे, पायाला मुंग्या येईपर्यंत बसायचे आणि आमेन झाल्यावर म्हणायचे, "आई, तुम्ही देवाला डेली रिपोर्ट देता हं." आई म्हणायची, "तुमच्या साहेबाला तुम्ही देता ना? मग माझ्या साहेबाला मी देते." बाबा गालात हसायचे. मी ताईच्याच ओळखीनं एका नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत लागलो होतो. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. सांगायला काही नसायचं, तरी आई रोज विचारायची, आज काय मिळालं?

पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा आईनं एक काम काढलं. ताईच्या हॉस्पिटलमधून कॉफीचे रिकामे पत्र्याचे डबे यायचे. आईनं ते साठवले होते. वांडाबाईच्या मागच्या अंगणात टोमॅटोचा वाफा होता, झाडं वाळून गेलेली. आई खाली गेली आणि उलथन्यानं तिथली माती उकरायला लागली. वांडाबाई खिडकीतून ओरडली. आईनं वर बघून डबा दाखवला आणि हातानं काहीतरी उगवतंय असं केलं. थोड्या वेळानं वांडाबाई खाली आली ती स्वतःचं फावडं घेऊन. तिला मराठी येत नव्हती, आईला पोलिश येत नव्हती, इंग्लिश दोघींनाही धड येत नव्हती. दोघींनी मिळून सगळे डबे भरले. ताई म्हणाली, "आई, दुकानात पिशवीत माती मिळते गं, स्वच्छ." आई म्हणाली, "माती विकत घ्यायची? उद्या पाणी विकत घ्याल." आता आम्ही पाणी विकत घेतो, ते असो. ते डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत, रेडिएटरच्या वर ओळीनं ठेवले. आईनं गावाहून मसाल्याच्या डब्यात मेथीचे दाणे आणले होते, ते पेरले. बाहेर बर्फ पडायला लागला आणि आत मेथी आली. त्या रात्रीच्या प्रार्थनेत आई म्हणाली, "देवबापा, इथंही माती आहे, धन्यवाद." मला ते विचित्र वाटलं होतं. माती कुठं नसते?

त्या मेथीची भाजी पहिल्यांदा झाली तेव्हा साळवे काकांचं घर जेवायला होतं. काका मशीनच्या कारखान्यात कामाला होते आणि आमच्या मंडळीला तेव्हा पाळक नसल्यानं उपदेशही तेच करायचे. त्यांची मुलगी करुणा, माझ्याच वयाची, पण लहानपणी इथं आलेली. तिनं भाजी दोनदा घेतली. आईनं तिला विचारलं, "कडू नाही लागत?" ती म्हणाली, "लागते ना. म्हणून तर घेतली." मी तिच्याकडं बघितलं आणि परत ताटाकडं बघितलं.

आईचं हृदय लहानपणच्या तापानं खराब झालेलं होतं. हे ताईला माहीत होतं, बाबांना अर्धवट माहीत होतं, मला माहीत नव्हतं. ऐन थंडीत तिला दम लागायला लागला, पाय सुजले, ताईनं तिला आपल्या हॉस्पिटलात नेलं. तिथं ती काही दिवस होती. मला भेटायला गेल्यावर विचारायची, आज काय मिळालं? एका दुपारी मी लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या करत होतो. सुपरवायझर आत आली आणि तिनं मला सांगितलं. माझ्या हातात एक चादर होती. मी तिची पूर्ण घडी केली, कडा जुळवल्या, ढिगावर ठेवली आणि मग कोट घातला. मला रडू आलं नाही. बसमध्ये बसायला जागा मिळाली. मी बसलो.

बाबा ताईला एकच वाक्य बोलले. "इथं आणलंस." एवढंच. आवाज चढवला नाही. ताईच्या हातात हॉस्पिटलचे कागद होते, ती भिंतीला टेकली. संध्याकाळी आम्ही सवयीनं कार्पेटवर बसलो. आता प्रार्थना बाबांनी करायची होती. आम्ही डोळे मिटून वाट बघितली. रेडिएटर वाजला. कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळानं भाऊजी हळूच म्हणाले, आमेन, आणि आम्ही उठलो. ताईनं बाबांसमोर पाणी ठेवलं तर ते घ्यायचे नाहीत, मी ठेवलं तर घ्यायचे. तिची चूक काय, मला कळत नव्हतं. पण मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, तर त्याचं काय वाटणार.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं कुणी गेलं की 'मातीला जायचं' असंच म्हणतात. पेटी कबरीत उतरवली की घरच्यांनी आधी एकेक मूठ माती द्यायची, मग पाव्हण्यांनी, मग गावानं, आणि राहिलेली फावड्यानं तरण्या पोरांनी लोटायची. कबर भरल्याशिवाय कुणी घरी जात नाही. उपदेश लांबला, छोटा झाला, चालतं. पाळक आला नाही तरी चालतं. माती दिली नाही तर माणूस पोचवला असं होत नाही. हे शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही, मला माहीत आहे. तरी आहे ते आहे.

इथलं कबरस्तान म्हणजे सगळा बर्फ. एक तंबू उभारलेला, त्यात घडीच्या खुर्च्या, खाली हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं, आणि मध्ये पट्ट्यांवर आईची पेटी. कबर दिसतच नव्हती. साळवे काकांनी वचन वाचलं, प्रार्थना केली, आम्ही एक भजन म्हटलं. तोंडातून वाफ निघत होती, सूर निघत नव्हता. मग काळ्या कोटातला माणूस, ज्यानं सगळी व्यवस्था केली होती, पुढं आला आणि अदबीनं काहीतरी बोलला. लोक गाड्यांकडं निघाले. बाबा पहिल्या खुर्चीवर तसेच बसून.

"बाबा, झालं. चला," भाऊजी म्हणाले.

"काय झालं?"

"सर्व्हिस झाली. पेटी ते लोक नंतर खाली सोडतील."

"नंतर म्हणजे?"

"आपण गेल्यावर."

"आणि माती?"

"त्यांचं मशीन आहे बाबा त्याला."

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मशीन तिचं कोण लागतं?"

गाड्यांकडं निघालेले लोक थांबले. भाऊजींनी त्या माणसाला समजावलं. माणूस खरंच चांगला होता. त्यानं कामगारांना खूण केली, त्यांनी हिरवं गवत बाजूला केलं आणि पेटी आमच्यासमोर खाली उतरवली. मग आम्ही माती बघायला गेलो. ती ताडपत्रीखाली होती. ताडपत्री काढली तर आत दगड. म्हणजे मातीच, पण गोठून दगड झालेली. मी बुटाची टाच मारली, टाच दुखली, ढेकूळ तसंच. भाऊजींनी एक ढेकूळ उचलायला बघितलं, ते खालच्याला चिकटलेलं. त्या माणसानं खिशातून एक चकचकीत नळी काढली. वर भोकं होती. त्यात कोरडी रेती. हलवली की थोडी पडते. बाबांनी ती हातात घेतली, उलटी करून बघितली आणि परत दिली. "ही मीठदाणी आहे," म्हणाले. "हिच्यावर मीठ भुरभुरवू का मी?" मग कुणीतरी हारातली फुलं काढून दिली. बाबा म्हणाले, "फुलं लग्नात टाकतात."

ताई त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसली. "बाबा, मी काय करू? तुम्ही सांगा, मी काय करू?"

"गावी नेऊ तिला."

"ते नाही हो होणार आपल्याच्यानं."

"मग मी इथं बसतो. बर्फ वितळला की माती देईन आणि येईन."

हे ते धमकी म्हणून बोलत नव्हते. त्यांनी ठरवलं होतं. फाटकाशी दुसऱ्या कुणाच्या मयताच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. भाऊजी म्हणाले, "बाबा, पुढची फॅमिली वेट करतेय." बाबा म्हणाले, "करू दे. मेलेल्याला कसली घाई?" मग साळवे काका वाकले आणि सांगायला लागले की शरीर नुसतं घर आहे, ती तर प्रभूकडं गेली, देव विश्वासू आहे भाऊ. बाबा शांतपणे म्हणाले, "साळवे, तुझी बायको घरी पोळ्या लाटतेय. तू बोलू नको." काका सरळ उभे राहिले. त्यांना राग आला नाही. पुढं पुष्कळ वर्षांनी ते माझे सासरे होते तेव्हा मला म्हणाले, की मी आयुष्यात ऐकलेला सर्वांत छोटा आणि सर्वांत बरोबर उपदेश तो. मी तिथं उभा होतो आणि मला दिसत होतं, की आज बाबा असेच उठले नाहीत, कुणी उचलून नेले, तर ते ताईच्या घरात परत जेवणार नाहीत. आई गेलीच होती. आता ताईचे बाबाही जात होते. हे मला दिसत होतं, काचेपलीकडचं दिसतं तसं.

मागून कुणीतरी माझी बाही ओढली. करुणा होती. "शामू, काकूंच्या डब्यांत माती आहे ना?"

मला क्षणभर कळलंच नाही ती कसल्या डब्यांबद्दल बोलतेय.

"मेथीच्या," ती म्हणाली. "चल. पप्पा, कीज द्या."

स्टेशन वॅगन जहाजाएवढी होती. मी विचारलं, "तुला चालवता येते?" ती म्हणाली, "नाही, ढकलत नेऊ या." मग बर्फाच्या रस्त्यावर तिनं ती अशी काढली की मी दार धरून बसलो. सिग्नलला थांबल्यावर तिनं विचारलं, "रडलास?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "आजी गेली तेव्हा मी पण नव्हते रडले. इट्स ओके." मी म्हणालो, "मी विचारलं नाही तुला." ती म्हणाली, "बरं." पुढं सगळा रस्ता आम्ही एक शब्द बोललो नाही. तिच्याबरोबर एवढी वर्षं काढली त्यातली निम्मी अशीच गेली, गाडीत, न बोलता, आणि मला कधी जड गेलं नाही. आता घरात कुणी बोलत नाही ते जड जातं. दोन्ही गप्पच, पण एक नाही.

स्वयंपाकघर गरम होतं. डबे खिडकीत ओळीनं होते. मी बोट घातलं. माती मऊ होती, ओली होती. हे मला खटकलं. आई हॉस्पिटलात गेल्यापासून ताई ड्यूटीवर, भाऊजी ऑफिसात, मी लॉन्ड्रीत. घरात दिवसभर बाबा एकटे. एका डब्यात मेथी नुकती वर आली होती, दोन पानांची. मी ती उपटायला हात घातला तर करुणा म्हणाली, "राहू दे तशीच." आम्ही डबे छातीशी धरून जिना उतरलो. खाली वांडाबाई दारात उभी. सकाळी तिला पायानं येववलं नव्हतं. करुणानं तिला इंग्लिशमध्ये काय झालं ते सांगितलं. तिनं पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही. छातीवर क्रूस केला, ॲप्रनवरच कोट चढवला, आणि काठी टेकत येऊन मागच्या सीटवर बसली. दोन डबे मांडीवर घेतले आणि करुणाला म्हणाली, जा, जा. माती तिच्या वाफ्यातली होती, तेव्हा तिचा हक्कच होता.

आम्ही परत आलो तेव्हा बाबा तसेच बसलेले. ताई बाजूला बर्फात उभी, दोघांमध्ये एक रिकामी खुर्ची. मी तो मेथीचा डबा बाबांपुढं धरला. त्यांनी खिशातून हात काढला आणि डब्यात घातला. रेडिएटरवरची माती, गाडीतही गरम राहिलेली. त्यांनी हात आतच ठेवला थोडा वेळ.

"तिच्या हातची आहे ही," ते म्हणाले.

"हो."

"मेथी आलीय."

मग ते उठले. रोपांसकट मूठ भरली, कडेला गेले आणि मूठ सोडली. पेटीवर माती पडते त्याचा एक आवाज असतो, गावी आणि इथं सारखाच. तो आवाज आला. बाबांनी मागं न बघता हात केला. "ये गं. तुझी आई आहे. दे माती." ताई आली. तिनं मूठ घेतली पण तिला ती सोडवेना, तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून सोडली. मग मी दिली. भाऊजींनी कातडी हातमोजे काढले आणि दिली. वांडाबाईनं दिली, तिच्या भाषेत आईला काहीतरी सांगितलं, खूप वेळ सांगितलं. मंडळीतल्या सगळ्यांनी दिली. शेवटी त्या काळ्या कोटातल्या माणसानंही हातमोजा काढून चिमूटभर घेतली. सगळे डबे रिकामे झाल्यावर बाबांनी एकेक डबा उलटा करून बुडाला चापट मारली, आई पिठाचा डबा झटकायची तशी. मग तिथंच उभं राहून म्हणाले, "देवबापा, माती मिळाली. धन्यवाद." आमेन म्हणायचं आम्हा सगळ्यांचं राहून गेलं.

साळवे काकूंनी घरी पिठलं आणि पोळ्या आणून ठेवल्या होत्या. त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटवायची नसते. ताईनं बाबांपुढं ताट ठेवलं. बाबा जेवले. रेडिएटर वाजला, आणि बाबा ताटाकडं बघत म्हणाले, "घर खोकतंय." ताई तोंडावर पदर घेऊन आत पळाली. मी जेवत राहिलो. पिठलं कसं होतं मला आठवत नाही.

नंतर करुणाशी माझं लग्न झालं, मुलं झाली, आम्ही इकडं शिकागोबाहेर नेपरव्हिलला आलो. मी लॉन्ड्रीतच राहिलो, मग लॉन्ड्रीचा सुपरवायझर झालो. बाबा पुष्कळ जगले. ते गेले तेव्हा भर उन्हाळा होता आणि माती पाहिजे तेवढी होती. या सगळ्यात करुणा दर वर्षी पानं गळायला लागली की कॉफीचे डबे घेऊन मागच्या अंगणात जायची. पुढं पत्र्याचे डबे मिळेनासे झाले तर प्लास्टिकचे. मुलं म्हणायची, "मॉम, नोबडी लाइक्स मेथी दॅट मच." ती म्हणायची, "मला आवडते." मला वाटायचं खरंच आवडते. मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

या हिवाळ्यात ती गेली. मुलांनी सगळं केलं, मी काही केलं नाही. तंबू होता, घडीच्या खुर्च्या होत्या, हिरवं गवत होतं. मी पहिल्या खुर्चीवर बसलो होतो आणि माझ्या डोक्यात काही नव्हतं. मातीसुद्धा नव्हती. पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली, आणि कुणीतरी माझ्यापुढं डबा धरला. माझा मुलगा अभय. त्याला मराठी वाचता येत नाही, बोलतो मोडकं. म्हणाला, "मॉमनं सांगितलं होतं, बाबा. विंटर असेल तर डबे घेऊन जा." मी हात घातला. गरम होती. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो तर खिडकीत एक डबा तसाच होता. मी म्हणालो, "हा राहिला रे." अभय म्हणाला, "नाही, तो ठेवायचाच होता." मी विचारलं, कशाला? तो जमिनीकडं बघायला लागला, आणि मग मला कळलं तो कुणाचा डबा आहे.

तर पाळकसाहेब, मंडळीपुढं वाचायची तर एवढी साक्ष वाचा. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं आणि आत्ताही वाटत नाही. पण दोन्ही वेळा माती होती, आणि ती मी भरून ठेवलेली नव्हती. बाकी तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा. माझ्या डब्यात करुणानं पेरलेली मेथी आलीय. मुलगी फोनवर विचारते, बाबा, तुम्ही तिचं काय करता? मी सांगतो, काही करत नाही. चहाआधी पाणी घालतो. आई हॉस्पिटलात असताना माझे बाबा घरात एकटे काय करत असतील ते मला आता कळतं. काही वाटत नसलं तरी डब्याला पाणी घालता येतं.